डाळीचा खेळ

माजलगावच्या मोंढ्यात धान्याची खरेदी करणाऱ्या ईश्वरप्पाला गंडवणारा अजून जन्मायचा होता. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल आणि तळाला कचरा, हे त्यानं इतकं पाहिलं होतं की समोरच्यानं दाखवलेला नमुना तो हातातही घेत नसे. नळी खुपसून तळातले दाणे स्वतः काढायचा. नव्या गोष्टींवर तर त्याचा विशेष राग होता, आणि त्या वर्षांत गावात रोज काहीतरी नवं येत होतं.

त्याची बायको मल्लम्मा हिच्या पित्ताशयात खडे झाले होते. कळ आली की बिचारी भिंतीला डोकं टेकून बसायची. डॉक्टर योगीराज नुकतेच गावात आले होते आणि पोट न फाडता दुर्बिणीनं ऑपरेशन करत होते. दुसरा इलाज नव्हता, म्हणून ईश्वरप्पानं नाइलाजानं मान डोलावली.

आदल्या दिवशी तो दवाखान्यात गेला, तर आतून खिदळण्याचा आवाज. त्यानं दार लोटलं. संगीता सिस्टर टीव्हीकडं बघत उभी होती. समोर झाकलेलं खोकं, त्याच्या भोकांतून आत घातलेले दोन लांब चिमटे तिच्या हातात. खोक्याच्या आतलं टीव्हीवर दिसत होतं; तिथं बघून एका वाटीतली तूरडाळ दाणा-दाणा दुसऱ्या वाटीत टाकायची.

"सांडला दाणा! सिस्टर, चहा तुमच्याकडं," डॉक्टर हसत म्हणाले.

ईश्वरप्पाचं टाळकं सरकलं. "डॉक्टर साहेब, उद्या माझी बायकू टेबलावर, अन् तुमी खेळायलाव?"

"खेळच आहे, अप्पा. पोटातही असंच टीव्हीत बघून काम करायचं असतं. खेळून खेळून हात बसतो. ऑपरेशनच्या सकाळी माझा दाणा सांडला, तर त्या दिवशी मी ऑपरेशन करत नाही."

बोलणं गोड होतं, आणि तेच ईश्वरप्पाला खटकलं. खोकं यांचं, वाटी यांची, डाळही यांचीच. पोत्याच्या तोंडाचा माल दाखवतोय हा गडी!

सकाळी मल्लम्माला रिक्षात बसवून तो पुन्हा घरात शिरला आणि स्वयंपाकघरातल्या डब्यातली मूठभर डाळ रुमालात बांधली. हाताला जरा ओशट लागलं, पण घाईत त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही.

"आज माझ्या डाळीवर खेळून दावा," दवाखान्यात पोचताच तो डॉक्टरांना म्हणाला.

डॉक्टरांनी आनंदानं डाळ वाटीत ओतली. पहिलाच दाणा चिमट्यातून निसटला. दुसराही. तिसऱ्याला त्यांनी चिमटे खाली ठेवले.

"आज ऑपरेशन नाही. हात बरोबर नाही माझा."

चोर सापडला! ईश्वरप्पा ताठ मानेनं मल्लम्माच्या खाटेशी गेला. "ऊठ, घरी चल. त्याला डाळ उचलंना."

"कोन्ती डाळ?"

"आपल्या घरची."

मल्लम्मा त्याच्याकडं बघतच राहिली. "अवो, किडू नये म्हनून एरंडेल चोळलंय मी त्या डाळीला. साठवनीची हाय ती." तेवढ्यात कळ आली. खाटेची पट्टी घट्ट धरून ती कशीबशी म्हणाली, "तुमच्या शकापायी मी आनखी किती सोसू?"

ईश्वरप्पाचा चेहरा उतरला. तो पळतच डॉक्टरांकडं गेला, तेलाचं सांगितलं, हात जोडले. "चूक माझी हाय. तुमचा हात चांगला हाय. आजच करा."

डॉक्टरांनी दाणा नाकाशी नेला आणि हसले. "पोटातही सगळं असंच निसरडं असतं, अप्पा. सांडला तो सांडला. तिला कळेवर इंजेक्शन देतो, पण ऑपरेशन आज नाही. आणि ही डाळ इथंच राहू द्या."

तो सबंध दिवस डॉक्टर सवड मिळेल तेव्हा खोक्याशी उभे होते. ईश्वरप्पा मल्लम्माचे पाय चेपत बसला.

दुसऱ्या सकाळी सिस्टर मल्लम्माला न्यायला आली. "झाला खेळ, तुमच्याच तेलकट डाळीवर. एकही नाही सांडला."

मल्लम्मानं नवऱ्याकडं पाहिलं. "तुमी बघितलं का?"

"न्हाई," ईश्वरप्पा म्हणाला. "दार उघडं व्हतं. मी गेलोच न्हाई बघाया."