अंबूबाईच्या रक्तातली बिंबिका

मी एक जुनी रक्तबिंबिका आहे. जुनी म्हणजे आठ दिवसांची. आमच्यात हे वय म्हातारपणाचेच. डॉक्टर मला प्लेटलेट म्हणतात. मखमलाबादला गुलाब पिकवणाऱ्या अंबूबाईच्या हाडातल्या मज्जेत एका थोरल्या पेशीची कपची निघाली, तीच मी. मित्रांनो, मला ना हात, ना पाय. एकच काम ठाऊक: रक्तवाहिनी फाटली की तिथे चिकटायचे आणि भोक बुजवायचे.

१९७८ सालची लग्नसराई होती. फुले तोडताना अंबूबाईच्या तळहातात काटा खोल रुतला. आम्ही हजारोंनी गोळा झालो आणि एकमेकींना बिलगून रक्त थांबवले. तेवढ्यात शेजारच्या गोजराबाईने जखमेवर चिमूटभर मशेरी दाबली.

"बघ अंबे, थांबलं का नाय रक्त? माझी मशेरी म्हंजे दवाखाना हाय!"

"दात घासून उरली व्हय गं?" अंबूबाई हसली.

श्रेय मशेरीला मिळाले. त्याचे मला वाईट वाटले नाही. पण जखम कोणी धुतली नाही, आणि त्याच हाताने अंबूबाईने गुलाबांच्या आळ्यांत शेणखत कालवले.

जंतू आत शिरले. दुसऱ्या दिवशी हात सुजला. तिसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरली, तेव्हा तिचा नवरा सावळीराम म्हणाला, "अंबू, चल दवाखान्यात."

"फुलं उमलून बसलीत, अन् तुमाला दवाखाना सुचतो! हारवाल्याला शब्द दिलाय. उद्या जाऊ."

त्या एका दिवसात जंतूंचे विष रक्तभर पसरले. आम्हाला चहूकडून हाका येऊ लागल्या. कुठेही भोक नव्हते, तरी आम्ही चिकटत सुटलो: पांढऱ्या पेशींना, वाहिन्यांच्या भिंतींना, एकमेकींना. जंतूंना कोंडायला गुठळ्या केल्या आणि अंबूबाईच्याच बारीक वाटा बंद केल्या. मी तिच्या मूत्रपिंडात, केसाहून बारीक वाहिनीत अडकले. वाहत्या रक्तात आमच्यातल्या फार थोड्या उरल्या. हिरड्यांतून रक्त येऊ लागले, ते थांबवायला कोणी नव्हते.

इस्पितळात ती सावळीरामला ओळखेना.

"रक्तातल्या प्लेटलेट संपत आल्यात," डॉक्टर म्हणाले.

"मंग माझं रक्त घ्या की! लय हाय माझ्यात."

"घेऊ. पण आत गुठळ्या झाल्यात, सावळीराम. कालपासून लघवी बंद आहे तिची."

त्याने सदऱ्याची बाही वर सारली होती. ती खाली करायचे त्याला सुचले नाही.

दुपारी अंबूबाईचे हृदय थांबले. माझ्याभोवतीचे रक्त आता हलत नाही. लवकरच मीही विरून जाईन.

मित्रांनो, मी तिची वैरीण नव्हते. मला एकच काम येत होते, ते मी शेवटपर्यंत केले. जखम साबणाने धुणे मला येत नाही. थंडी वाजून ताप भरला की त्याच दिवशी दवाखान्याची वाट धरणे मला येत नाही. ते तुम्हाला येते.