एक कपडा जास्त

वैजयंता मगदूमला नव्या मशीनमधून काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवू. एक मोरपंखी साडी, नवऱ्याचे कपाटभर शर्ट आणि त्या शर्टांच्या मागोमाग शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेला नवरा. नवरा तिने शेवटी धरला होता, कारण शर्ट आले की तो येणारच होता. जाणार काय, ते तिने मांडलंच नाही. मनात जळणारं माणूस नेहमी जमेची बाजूच भरत बसतं.

शेजारी शैलजा आवटी. एकटी बाई, पतसंस्थेत कॅशियर. वयाने थोडी मोठी, म्हणून वैजयंता तिला अक्का म्हणायची आणि चारचौघांत तर आठवणीने मोठ्यांदा म्हणायची. शैलजाने दिवाळीत पुढून दार असलेलं वॉशिंग मशीन घेतलं. तेव्हापासून तिच्याकडे दर धुण्याला घातल्यापेक्षा एक कपडा जास्त निघायचा आणि तो मगदूमांचा असायचा. यात चोरी नव्हती. मशीनची पाठ मधल्या भिंतीला होती आणि भिंतीच्या अलीकडे मगदूमांचं कपाट होतं.

पहिल्यांदा मोरपंखी साडी गेली. शैलजा ती परत द्यायला आली, पण नेसून आली.

"वैजू, तुझी साडी आमच्यात निघाली बघ."

"असू दे की अक्का. तुम्हाला शोभतीय."

म्हणायला म्हणाली, पण दार जरा जोरातच लावलं. कारण साडी खरंच शोभत होती.

मग शर्टांची पाळी आली. वैजयंताचा नवरा भरतेश सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला होता. त्याच्या कॉलरी पिवळ्या, बाह्या पिवळ्या, नखंसुद्धा पिवळी. वैजयंताने लग्न झाल्यापासून ते शर्ट ब्रशने घासले होते. साबण लागला की डाग लाल व्हायचा आणि वाळला की पुन्हा पिवळा. "मी माणसाशी लग्न केलंय का हळकुंडाशी," असं ती घासता घासता म्हणायची. तेच शर्ट शैलजाच्या दोरीवर बगळ्यासारखे पांढरे दिसायला लागले.

भरतेश आंघोळ करून टॉवेलवर शेजारी जायचा आणि शर्ट घालून परत यायचा. पुढे शर्ट घातल्यावर तिथेच चहा घ्यायला लागला. कपाटातला शेवटचा शर्ट गेला, त्या दिवशी तो यार्डातून परस्पर तिकडेच गेला.

"इकडं नाही आलात?" वैजयंताने बाल्कनीतून विचारलं.

"माझे कपडे इकडं आहेत," तो पलीकडच्या बाल्कनीतून म्हणाला. स्टँड कुठे आहे ते सांगावं, तसं.

कपडे वाळतात तिथे माणूस राहतो, हे तिलाही मान्य होतं. तिला लागलं ते वेगळंच. त्याच्या बाहीला इस्त्रीची कडक घडी होती. तिच्या घरात ती घडी कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती स्टेशन रोडच्या दुकानात गेली. सेल्समन तरुण होता आणि उगाच हसत नव्हता.

"टॉप लोड बघू नका मॅडम. त्यात घातलं तेवढंच निघतं. फ्रंट लोडला पाणी कमी, कपडा विरत नाही, आणि एक जास्त निघतो."

"कुणाचा निघतो?"

"पाठ ज्या भिंतीला लावाल, तिच्या पलीकडच्याचा."

"भरवशाचं कुठलं?"

"सगळी भरवशाचीच. एकदा दार लॉक झालं की धुणं पुरं होईपर्यंत कुणाचं ऐकत नाहीत. भरवसा म्हणजे तेच ना."

"शेजारी सहा किलोचं आहे."

"मग सातात भागेल. वरचढ दिसायचं असेल तर आठ. काय काय परत आणायचंय?"

"शर्ट. आणि साहेब."

"साहेब वजनात धरू नका. ते शर्टांच्या मागून चालत येतात."

तिने आठचं घेतलं.

बसवणाऱ्या माणसाने मशीनच्या पाठीमागून चार लांब बोल्ट काढून तिच्या हातात दिले. "हे वाहतुकीचे. आत असले तर मशीन पलीकडचं काही आणत नाही. पण जपून ठेवा, कधीतरी थांबवावंसं वाटतं." वैजयंताने ते मिसळणाच्या डब्यात, हळदीच्या वाटीत खुपसले. मशीनला कुंकू लावलं, पाठ मधल्या भिंतीला टेकवली आणि एक पायपुसणं आत टाकून बटण दाबलं. दार टक्कन लॉक झालं. बाहेर आलं तेव्हा पायपुसणं होतं आणि निळ्या रेघांचा शर्ट होता.

त्या आठवड्यात तिने धुवायला काही बाकी ठेवलं नाही. पडदे धुतले, पिशव्या धुतल्या, धुतलेलं पुन्हा धुतलं. शर्ट आले, साडी आली आणि रविवारी जेवायच्या वेळेला भरतेश आला. त्याचे केस ओले होते.

"काय केलंयस?"

"तुमच्या आवडीची आमटी."

तो जेवला. वैजयंताने बाल्कनीत जाऊन मोरपंखी साडी झटकली, एकदा झटकून भागलं असतं तरी चारदा झटकली. पलीकडे शैलजाने ती बघितली आणि आत जाऊन आपल्या मशीनचं दार लावलं. सोमवारी भरतेश तिकडे होता.

मंगळवारी इकडे, बुधवारी तिकडे. दोन्ही मशीन पाठीला पाठ लावून फिरत होती आणि मधली भिंत धुऊन धुऊन विरत चालली. आधी तिचा रंग गेला, मग प्लास्टर, आणि नंतर ती जुन्या धोतरासारखी झाली. तिच्यातून पलीकडची शैलजा सावलीसारखी दिसायची. घरं एकमेकांकडे ओढली गेली. वैजयंताने पोळी लाटताना कोपर बाहेर काढलं की शैलजाच्या बरणीला लागायचं.

भरतेशही विरत होता. पहिल्यांदा नखांची हळद गेली. मग मिशा उतरल्या, मग हनुवटीवरचा तीळ. तो खुर्चीत बसला की खुर्चीची वेताची वीण त्याच्यातून दिसायची. त्याच्या पाठीवर एक उभी घडी पडली होती आणि ती कुणी घातली, हे वैजयंताने बरोबर ओळखलं.

"एक दिवस मला कुणी धुवू नका," तो म्हणाला. "नीट वाळू द्या."

"अक्कांना सांगा."

"त्या म्हणाल्या, वैजूला सांगा."

वैजयंता भिंतीजवळ गेली. "अक्का, बोल्ट लावा तुमच्या मशीनला."

"तू लाव की," सावली म्हणाली.

"सुरुवात तुम्ही केली."

"आत्ता तो तुझ्यात आहे. आत्ता मी लावले तर कायमचा तुझ्यातच राहील. एवढी खुळी दिसते होय मी?"

"आणि तो तुमच्यात असताना मी लावायचे?"

"मग चालू दे. माझी काय घाई नाही."

वैजयंता स्वयंपाकघरात परत आली. भरतेश ताटावर बसला होता, पण घास उचलत नव्हता. ती त्याच्या मागे उभी राहिली आणि वाकून त्याच्या कॉलरीचा वास घेतला. इतकी वर्षं त्या वासाला ती नावं ठेवत होती. आता तिथे साबण होता, दोन तऱ्हेचा. त्याखाली कुणीच नव्हतं.

तिने मिसळणाचा डबा उघडला, चिमूटभर हळद घेतली आणि त्याच्या मानेला चोळली. हळद बसली नाही. तिने मूठभर घेतली, कॉलरीला लावली, बाह्यांना लावली, तळहातांना लावली. ती नुसती झडून ताटाभोवती पडली. भरतेश स्वतःच्या हाताकडे लक्ष देऊन बघत होता, दुसऱ्याचं काम बघावं तसा.

"राहू दे," तो म्हणाला. "वाळल्यावर बघू."

ती त्याला दोरीशी घेऊन गेली. दोन बाल्कन्यांच्या मधे आता एकच दोरी उरली होती. तिने त्याची डावी बाही चिमट्यात लावली. उजवी बाही पलीकडच्या एका हाताने आधीच धरली होती आणि चिमटा लावला होता. तो वाऱ्यावर हलला. त्याने दोघींकडे बघितलं नाही.

मग वैजयंताने हळदीच्या वाटीतून चारही बोल्ट काढले आणि ती मशीनच्या मागे जाऊन बसली. भोकं हाताशी होती. भिंत जवळजवळ उरली नव्हती आणि तिच्या पलीकडे शैलजाही आपल्या मशीनच्या मागे उकिडवी बसली होती. तिचीही मूठ बंद होती. दोघींचे गुडघे एकमेकींना लागत होते.

"लाव," शैलजा म्हणाली.

"आधी तुम्ही. मोठ्या आहात."

"पाना आहे का तुझ्यात?"

"आहे. तुमच्यात?"

"आहे."

दोघी एकमेकींच्या मुठीकडे बघत बसल्या. पाठीमागे एका मशीनचं दार टक्कन लॉक झालं आणि लगेच दुसऱ्याचं. बटण कुणी दाबलं, हे दोघींपैकी एकीनेही विचारलं नाही.

आता शेवटची बेरीज. शैलजाकडे चार बोल्ट आहेत, वैजयंताकडे चार, साडी दोघींच्या मधे लोंबते आहे. त्यांचं तसं काही गेलेलं नाही. भरलं ते भरतेशने. नखं, मिशा, तीळ, आवाज आणि वास, मिळेल त्या क्रमाने. वैजयंताने बाल्कनीत येऊन आपला पिवळा तळहात दोरीखाली धरला. त्यावर वरून एक थेंब पडला, मग दुसरा. त्यात त्याचं काही उतरेल म्हणून ती बराच वेळ वाट बघत राहिली, पण ते नुसतं पाणी होतं.