घरगाडीच्या आठ पिना

"आई, तुला मुलगी बदलून मिळत असती, तर माझ्याऐवजी तू ताईला घेतलं असतंस ना?"

हा प्रश्न विचारून दाखवच, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. आणि भिंगरीला कुणी 'तुझ्यात दम नाही' म्हटलं की संपलंच. तिने तो विचारलाही, वर्कशॉपच्या दारात उभं राहून, चांगला खणखणीत. पण आई लेथ मशीनवर होती. लेथवर असताना आईला भूकंप झालेला कळत नाही, तिथे पोटच्या पोरीचं काय? जुन्या पिना धुवून झाल्या का, एवढंच तिने मान न वळवता विचारलं.

ताई म्हणजे भिंगरीची मावसबहीण. दोन वर्षांनी मोठी, सुट्टीत राहायला आलेली आणि आल्या दिवसापासून आईच्या गळ्यातला ताईत झालेली. आईच्या लेथला हात लावायची टाप बाबांचीसुद्धा नव्हती, मग ते वेल्डिंगमधले राजे का असेनात. ताईला मात्र चौथ्याच दिवशी परवानगी! भिंगरीने कधी मागितलीच नव्हती, हे खरं. तेलाच्या वासाने डोकं दुखतं म्हणून ती वर्षानुवर्षं नाक धरून पळायची. पण म्हणून काय तिचं ताट उचलून दुसरीपुढे ठेवायचं?

सगळ्यात जिव्हारी लागली ती वेणी. सुटे केस मशीनमध्ये अडकायला नकोत, म्हणून आई रोज सकाळी ताईची वेणी घालायची, घट्ट, मानेशी गुंडाळून. भिंगरीची वेणी आईने शेवटची घातली ती चौथीत.

काम आलं होतं एका घरगाडीचं. आत पलंग, ओटा, खिडक्यांना पडदे, असा चाकांवरचा संसार. मालक निवृत्त मास्तर, आणि गाडी त्यांच्याहून थोडीच लहान. चाकांवरचे पोलादी पाटे ज्या पिनांवर झुलतात, त्या पिना झिजल्या होत्या. खड्डा आला की आतल्या कपबशा नाचायच्या. तसल्या पिना बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. तेव्हा जुन्यांची मापं घेऊन आठ नव्या घडवायच्या ठरल्या. मापं आणि टर्निंग, म्हणजे लेथवर पोलाद कातणं, ताईकडे. भिंगरीकडे जुन्या पिना रॉकेलमध्ये धुणं.

धुताना तिच्या नखाला काहीतरी अडलं. पिनेच्या डोक्याखाली एक बारीकशी पायरी होती. टोकाशी जाड, मध्ये बारीक. मधला भाग घासून झिजला होता. टोकाशी काही घासतच नाही, म्हणून मूळ माप तिथे शाबूत. आणि ताईने मापाचा व्हर्नियर लावला होता तो नेमका मध्ये! म्हणजे नव्या पिना जन्मतःच म्हाताऱ्या होणार.

एरवी भिंगरीची जीभ तिच्या आधी घरात शिरते. त्या दिवशी मात्र तिने मूग गिळले. होऊ दे फजिती, लाडोबाची. पुढचे तीन दिवस ती इतकी खुशीत गुणगुणत होती की आज स्वारीचा वाढदिवस आहे का, असं बाबांनी विचारलं.

चौथ्या दिवशी पिना बसल्या. मास्तर एक चक्कर मारून आले. कपबशा पूर्वीसारख्याच नाचत होत्या. आईने एक पिन काढली, मोजली, मग जुन्या पिनेचं टोक मोजलं. नवी बारीक निघाली. माप मी घेतलं होतं, असं ताईने खालच्या मानेने सांगितलं.

याच क्षणाची भिंगरी वाट बघत होती. पण आई ताईला एका शब्दाने बोलली नाही. मास्तरांकडे वळून म्हणाली, "चूक माझी. मी तपासायला हवं होतं. आणखी चार दिवस द्या."

मास्तरांच्या बायकोने प्रवासासाठी भरलेल्या पिशव्या एकेक करून गाडीतून उतरवायला घेतल्या. आईचे कान लाल झाले होते. आजवर तिचं काम कधी परत आलं नव्हतं. खड्डा खणला ताईसाठी आणि पडली आई.

मास्तर गेल्यावर भिंगरी म्हणाली, "मला माहीत होतं. सोमवारपासून."

"माझ्या नजरेतून सुटलं ते तुझ्या नखाला कळलं," आई सावकाश म्हणाली, "आणि तू गप्प बसलीस."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ताईसुद्धा भांडली नाही. नाक पुसत तिने जुनी पिन पुढे केली आणि ती पायरी नखाला कशी लागते ते दाखव, म्हणाली. म्हणजे ही बया चांगलीसुद्धा होती. हे तर भलतंच झालं.

संध्याकाळी आईबाबा चहाला बसले, तेव्हा भिंगरी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मैत्रिणींबरोबर उद्या सहलीला मी जात नाहीये. आठही पिनांची मापं मी घेणार, आणि टर्निंग मला ताई शिकवणार. तू नाहीस, आई, ताईच. तिला मी विचारलंय. मला अजूनही तिचा राग येतो, तेही तिला सांगितलंय."