दोन दातांचा फरक

मित्रांनो, गाडीत बसलात की तुम्हांला स्टेअरिंग दिसते, काचेतून रस्ता दिसतो, इंजिनचा आवाज येतो. माझ्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. चालकाच्या डाव्या हाताशी जो दांडा असतो, त्याच्या खाली, पत्र्याच्या पलीकडे मी असतो. पोटभर काळे तेल आणि त्यात बुडालेली दातेरी चाके, असा मी एक जुना गिअरबॉक्स आहे. मला डोळे नाहीत. पण त्या दांड्यावाटे गाडीतले बोलणे माझ्यापर्यंत उतरते आणि माझा आवाज त्याच वाटेने वर चढतो. जे दिसत नाही, ते मी त्या बोलण्यावरून जुळवतो. त्या आवाजापायी एका घरात काय घडले, ते तुम्हांला सांगतो.

ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथल्या माणसांच्या डोळ्यांपुढे खडबडीत रस्ते, चढ आणि ओझे होते. तुम्ही गिअरची सायकल चालवली असेल. चढावर हलका गिअर टाकला की पाय भराभर फिरतात आणि चाक थोडे थोडे पुढे जाते. सपाटीवर जड गिअर टाकला की पाय सावकाश फिरतात आणि सायकल लांब पळते. माझे पाचही गिअर हलक्या बाजूचे होते. ओझे ओढावे ते मीच. पळणे हे काही माझे काम नव्हते.

फुलंब्रीजवळच्या सांडू नावाच्या शेतकऱ्याने आमची नऊ माणसांची डिझेल गाडी घेतली. सकाळी शहरात कामाला जाणारी माणसे औरंगपुऱ्यापर्यंत सोडायची, कांदा निघाला की मागच्या सीट काढून पोती भरायची, असे आमचे दिवस होते. साठच्या पुढे काटा क्वचितच जायचा. पाचवा गिअर तर आठवडाभर लागायचा नाही. शेतातल्या काळ्या चिखलात दुसऱ्या गाड्या रुतून बसायच्या तेव्हा मी भरलेली गाडी बाहेर काढायचो. सांडू दांड्यावर थाप मारून म्हणायचा, "याच्या पोटात लई दम हाय." मला ते फार आवडायचे.

या सांडूचा एक स्वभाव होता. घरात त्याचे तोंड उघडत नसे. जेवताना दोन शब्द, ओसरीवर तेवढेही नाहीत. पण हातात स्टेअरिंग आले की हाच माणूस मोकळा व्हायचा. मनातले सगळे गाडीतच बोलायचा. त्याची बायको चतुराबाई हे ओळखून होती. काही महत्त्वाचे विचारायचे असले की ती शहरात काहीतरी काम काढून गाडीत बसायची.

मग सावंगीजवळ समृद्धी महामार्गावर चढायची सोय झाली. चतुराबाईची थोरली बहीण दगडाबाई वर्ध्याला एकटीच राहत होती. पूर्वी तिकडे जायचे म्हणजे दीड दिवस मोडायचा. आता सकाळी निघाले की दुपारी जेवायला वर्ध्यात. सांडू दर दोन महिन्यांनी बायकोला बहिणीकडे नेऊ लागला.

त्या सरळ, लांब रस्त्यावर मी पहिल्यांदा तासन् तास पाचव्या गिअरमध्ये राहिलो. नव्वदच्या वेगाला इंजिन मिनिटाला बत्तीसशे फेरे घ्यायचे आणि मी सतत ओरडायचो. माझा इलाज नव्हता. माझे दातच तसे कापलेले होते.

एव्हाना चतुराबाईचे कान मंदावले होते. औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांनी तिला कानात घालायचे यंत्र दिले होते. घरात त्याचा चांगला उपयोग व्हायचा. पण गाडीत ते यंत्र माणसाच्या आवाजाबरोबर माझाही आवाज मोठा करायचे. "डोक्यात पिठाची गिरनी चालू झाल्यावानी व्हतंय," असे म्हणून ती सावंगीलाच यंत्र काढायची, चष्म्याच्या डबीत ठेवायची आणि वर्धा येईपर्यंत गप्प बसायची. सांडू बोलत राहायचा. तीही अंदाजाने कधी हो, कधी नाही, अशी मान हलवायची.

दिवाळीनंतर आम्ही वर्ध्याहून परत येत होतो. मेहकरच्या थोडे अलीकडे सांडूने बराच वेळ घसा खाकरला. मग विचारले, "दगडाबाईला आपल्याकडंच आनायचं का? कायमची?"

चतुराबाईने त्याचे ओठ हललेले पाहिले. तिने जोरात मान हलवली. "नाय, नाय. नको."

सांडूचा हात दांड्यावर होता. तो हात तसाच राहिला, जड, न हलणारा. बहिणीबहिणींत काही जुने असेल, आपण कशाला उकरायचे, असे त्याला वाटले असावे. त्याने पुन्हा विचारले नाही.

पुढच्या महिन्यात दगडाबाईच्या पुतण्याचा फोन आला. म्हातारीला एकटीला ठेवणे आता बरोबर नाही, तुम्ही नेता का, असे त्याने विचारले. सांडू तेव्हा गाडीतच होता. त्याने सांगून टाकले, "तिच्या बहिनीचंच मन नाय, बाबा." पुतण्याने दगडाबाईला वर्ध्याबाहेरच्या एका वृद्धाश्रमात नेऊन ठेवले.

ही बातमी चतुराबाईला गावातल्या कुणाकडून तरी कळली. ती तडक गाडीपाशी आली, दार उघडून सांडूच्या शेजारी बसली. इंजिन बंद होते, त्यामुळे कानातले यंत्र चांगले चालत होते.

"माझ्या बहिनीला मी नको म्हनले?"

"तूच म्हनलीस की. मेहकरच्या अलीकडं. मान हलवून."

चतुराबाई हळूच म्हणाली, "मला वाटलं, च्या प्यायला थांबायचं का म्हनता."

मित्रांनो, तोवर माझा आवाज म्हणजे माझी ताकद, असे मी समजत होतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्याची लाज वाटली.

चतुराबाईने आश्रमात फोन लावून घेतला, पण दगडाबाई फोनवर यायला तयार होईना. तिला जाऊन भेटण्यावाचून मार्ग नव्हता. सांडू लगेच निघायला तयार झाला, तेव्हा चतुराबाईने त्याला थांबवले. "आता यंत्र कानात ठिवून जायचं. तिला घिऊन येताना ती काय बोलंल, तुमी काय बोलाल, समदं मला ऐकू आलं पायजे. परत अंदाजानं मान हलवायची नाय मला."

म्हणून आमची गाडी मुकुंदवाडीला बद्रीनाथ मिस्त्रीकडे गेली. त्याने गाडीच्या तळाच्या पत्र्यावर जाड रबर टाकून दिले. थोडा फरक पडला, पण चतुराबाईने यंत्र काढलेच. सांडूने विचारले, "साठनं गेलं तर?"

"साठला बी तुमचं इंजिन एकवीसशेनं फिरनार. आन् वर्ध्याला पोचायला सांज व्हईल," बद्रीनाथ म्हणाला. "काकूची पाठ ऱ्हाईल का?" मग त्यानेच चिकलठाण्यातल्या कालिंदीताईंचे नाव सांगितले.

कालिंदीताईंचे गिअर कापायचे वर्कशॉप होते. कारखान्यांच्या यंत्रांची मोडलेली चाके त्या नव्याने करून देत. गाडीच्या गिअरबॉक्सचे काम त्यांच्याकडे सहसा येत नसे, म्हणूनच की काय, त्यांना माझ्यात फार रस वाटला. बद्रीनाथने मला खाली उतरवून उघडले तेव्हा आतून डांबरासारखे तेल निघाले. तळाशी लोखंडाचा चुरा होता. एक बेअरिंग झिजून खुळखुळत होते.

"तेल कधी बदललं होतं, काका?" कालिंदीताईंनी विचारले.

सांडू गाडीकडे बघत म्हणाला, "इंजिनचं बदलतो की. याला बी लागतं व्हय?"

इतकी वर्षे मी ओढत राहिलो होतो, आणि मलाही काही लागते हे त्या माणसाला ठाऊकच नव्हते. मला राग आला नाही. मी कधी मागितले नव्हते.

बद्रीनाथचे मत होते की मागच्या चाकांच्या अ‍ॅक्सलमधली दातेरी चाके बदलावीत. इंजिन आपोआप सावकाश फिरेल. कालिंदीताईंनी खडूने जमिनीवर आकडे मांडले. "अ‍ॅक्सलमध्ये बदल केला तर पाचही गिअर जड होतील. पहिलासुद्धा. काका, या गाडीत शेतातून कांदा काढता ना?"

"व्हय. अजून काढतो."

"मग चिखलात ही तुम्हांला दगा देईल. बाकी काही हलवायचं नाही. फक्त पाचव्याची जोडी बदलू."

त्यांनी माझे दात बोटाने मोजले. पाचव्या गिअरच्या जोडीत एका चाकाला अडतीस दात, दुसऱ्याला एकवीस. दोन्ही मिळून एकोणसाठ. माझ्या पोटातल्या ज्या दोन दांड्यांवर ही चाके बसतात, त्यांच्यामधले अंतर ठरलेले, त्यामुळे ही बेरीज मोडता येत नव्हती. एकाचे दात वाढवले तर दुसऱ्याचे तेवढेच कमी. "मजा आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "जागा तीच, फक्त वाटणी बदलायची."

त्यांनी एकदम मोठी उडी घेतली. एक्केचाळीस आणि अठरा. नवे बेअरिंग, नवे तेल आणि नवी जोडी घेऊन मी परत गाडीखाली बसलो. नव्वदला इंजिन आता जेमतेम साडेपंचवीसशे फेरे घेत होते. सपाटीवर मी इतका शांत होतो की सांडू मोठ्याने हसला. कालिंदीताई मागे बसल्या होत्या, त्याही खूश होत्या. पुढे हलकासा चढ लागला. इंजिनला ओझे पेलेना. ते कण्हू लागले आणि माझ्यातून एक खोल, जाड घरघर वर चढली. चतुराबाईने डोळे मिटून घेतले.

"काकू, मला तर शांत वाटतंय," कालिंदीताई म्हणाल्या.

सांडूने पुढच्या पंपावर गाडी नेऊन उभी केली. चतुराबाईने कानातले यंत्र काढले, पदराने पुसले आणि मागे हात केला. "तूच घाल. मंग कळंल."

कालिंदीताईंनी यंत्र कानाला लावले, ते हाताने दाबून धरले आणि सांडूला पुन्हा चढावर गाडी घ्यायला सांगितले. थोड्याच वेळात त्यांनी ते काढले. "मी माझ्या कानांनी दात ठरवत होते," त्या म्हणाल्या. "काकू, तुमच्या कानांनी ठरवायला पाहिजेत."

मग जे झाले ते मला फार आवडले. कालिंदीताई चतुराबाईशेजारी पुढे बसल्या. सांडूने कधी तिसरा, कधी चौथा, कधी पाचवा गिअर टाकायचा, इंजिन कधी जोरात तर कधी सावकाश फिरवायचे. आवाज सोसेना झाला की चतुराबाईने बोट वर करायचे, बरे वाटले की खाली. कालिंदीताई पेनाने तळहातावर आकडे लिहीत होत्या. गिअर कोणताही असो, इंजिन पावणेतीन हजारांच्या आसपास आले की चतुराबाईचे बोट खाली यायचे. त्याच्यापेक्षा जोरात फिरले की माझा ओरडा, फार सावकाश फिरले की चढाला घरघर. आयुष्यभर कुणी चतुराबाईला यंत्रातले काही विचारले नव्हते. त्या दिवशी ती इतकी मन लावून ऐकत होती की तहान लागल्याचेही तिने सांगितले नाही.

दुसरी जोडी चाळीस आणि एकोणीस दातांची झाली. मूळच्या जोडीपेक्षा एका चाकाला दोन दात जास्त, दुसऱ्याला दोन कमी. नव्वदला पावणेतीन हजार फेरे.

आम्ही वर्ध्याला निघालो. सावंगी मागे पडली. चष्म्याची डबी उघडली नाही. जालना आले तरी सांडू गप्पच. आता आपले बोलणे खरोखर ऐकू जाणार, याचीच त्याला भीती वाटत होती की काय, कोण जाणे.

"बोला की," चतुराबाई म्हणाली.

"काय बोलू?"

"त्या दिवशी इचारलं व्हतं, ते परत इचारा."

सांडूने विचारले. ती म्हणाली, "व्हय. कायमची आनायची. तिची बाज माझ्या खोलीत टाकायची. तुमी ओसरीवर झोपा."

"बरं," सांडू म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "बरं झालं."

वर्ध्याला दगडाबाई गाडीपर्यंत आली, पण आत बसेना. दारात उभी राहूनच म्हणाली, "तू नको म्हनलीस म्हनं."

"मला ऐकू आलं नव्हतं, आक्का."

"एवढी गोष्ट ऐकू येत नाय?"

"येत नाय," चतुराबाई म्हणाली. "लाज वाटायची, म्हनून मी कुनाला सांगत नव्हते. नुसती मान हलवायचे. तुझ्याबी निम्म्या गोष्टींला मी नुसतीच मान हलवलीय."

दगडाबाईने दारातून आत वाकून पाहिले. मग तिने मागच्या सीटकडे बोट दाखवले. "माझी शिलाई मशीन बसंल का इथं?"

मशीन बसली. दोघी बहिणी तिच्या दोन बाजूंना बसल्या. परतीच्या वाटेवर कारंज्याजवळ सांडूने काहीतरी सांगायला तोंड उघडले, तर मागून चतुराबाई म्हणाली, "थांबा जरा, आक्का बोलायलीय." सावंगी आली तरी त्या थांबल्या नव्हत्या. मी पाचव्या गिअरमध्ये, नव्या तेलात, शक्य तितक्या हळू आवाजात फिरत राहिलो.

मित्रांनो, आता मी पुष्कळ झिजलो आहे. पहिल्या चार गिअरांत अजूनही ओरडतो. कांद्याच्या दिवसांत सांडूला तो ओरडा हवाच असतो. तुमच्या घरच्या गाडीत माझ्यासारखाच एखादा, कुणाला न दिसणारा, बसलेला असेल. त्याच्या तेलाची वर्षातून एकदा तरी चौकशी करा. त्याचा आवाज बदलला तर गाणे मोठे करून तो झाकू नका. आणि तुमच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाने नुसती मान हलवली, तर ते त्याचे उत्तर आहे असे धरून चालू नका. सुरक्षित जागी गाडी थांबवा, इंजिन बंद करा आणि पुन्हा विचारा.