दुसऱ्या दिवशीचा समुद्र

आर्णीत कोणाचं क्रूझवर जायचं ठरलं, की त्यांना विमलताई गावंड्यांकडे पाठवायचं, असा रिवाजच पडून गेला होता. असे लोक काही फार नव्हते. दोन वर्षांत तिसरीच खेप. आधी कृषी केंद्रवाले लखन पवार नवरा-बायको येऊन गेले, मग नवीन लग्न झालेली समीक्षा, आणि आज राठोड सर.

प्रेमसिंग राठोड जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. विमलताईंच्या मालकाचे, घनश्यामरावांचे जुने दोस्त. दुपारी चारला ते स्कूटरवर बायकोला मागं बसवून तांड्यावरून आले, ओसरीतल्या खुर्चीवर बसले आणि खिशातून छोटी वही काढून तिच्यावर तारीख टाकली. रुपीबाई पदर सावरत शेजारी बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही उत्साह दिसत नव्हता.

"हां वहिनी, सांगा. पह्यल्यापासून सांगा," राठोड सर म्हणाले. "आमच्या पोरीनं, ममतानं पुन्याहून तिकिटं काढून देल्ली. मुंबईहून तीन दिवसाचं हाय. पन बाकी तिले तरी काय माईत? घनश्याम असता तं त्यालेच इचारलं असतं."

विमलताईंना आता हे सगळं पाठ झालं होतं.

"मुंबईले आदल्या दिवशी पोचजा. धामनगाववरून गाडी पकडली अन् ते लेट झाली, तं जहाज आपल्यासाठी थांबत नाई. आधार कार्ड अस्सल न्याजा, झेरॉक्स चालत नाई. मोठी बॅग ते लोक बंदरावरच घेऊन घेतात, अन् खोलीत आनून देतात तीन-चार घंट्यानं. म्हनून बीपीच्या गोया, चश्मा, एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवजा."

राठोड सरांचं पेन चालत होतं.

"एक कार्ड देतात. तेच खोलीची चाबी अन् तेच साऱ्या खर्चाचं. ते दोरी बांधून गळ्यात अडकवून ठेवजा. खोलीचा नंबर अन् मजला लिहून ठेवजा, कावून का तिथल्या साऱ्या गल्ल्या एकसारख्या. हे पह्यल्या दिवशी अर्धा घंटा दुसऱ्याच्याच दाराले कार्ड घासत होते. आतून एक गुजराती बाई निंगाली, तिनं यायले पानी पाजलं."

राठोड सर हसले. ही गोष्ट त्यांनी घनश्यामरावांच्या तोंडून निदान चारदा ऐकली होती.

"जहाज सुटाच्या आधी भोंगा वाजते. साऱ्यायले एका जागी बोलावतात अन् लाइफ जॅकेट कसं घालाचं ते दाखवतात. तिथं दांडी माराची नाई. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकजा. खोलीत एसी लय थंडा रायते, शाल ठेवजा. अन् घरचं खानं नेऊ नका, तपासनीतच काढून घेतात."

"ठेचाबी नाई?" रुपीबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"नाई वो बाई. ठेचाबी नाई."

रुपीबाईंनी नवऱ्याकडं असं पाहिलं, की जणू तो नियम त्यांनीच केला होता. "वेचनीच्या दिवसात कोनी फिराले जाते का?" त्या म्हणाल्या. "कापूस बोंडातून खाली लोंबून राह्यला. बाया मियत नाईत. अन् हे चालले पानी पाहाले. मले तं कोनी इचारलंबी नाई. तिकिटं आल्यावरच मालूम पडलं."

"पोरीले तिकिटं तवाचीच भेटली न," राठोड सर वहीतून मान वर न काढता म्हणाले.

विमलताईंनी रुपीबाईंकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "उलटीची गोयी डॉक्टरले इचारून घ्या. जहाज सुटाच्या घंटाभर आधी खाजा. उलटी सुरू झाल्यावर खाऊन फायदा नाई."

एवढी एकच गोष्ट त्यांच्या स्वतःच्या अंगावरून गेलेली होती. बाकी सगळं घनश्यामरावांचं.

घनश्यामराव कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. चिमूटभर रुई दोन बोटांत धरून ओढायची आणि धागा किती लांबीचा ते सांगून टाकायचं, असं त्यांचं आयुष्य गेलं. साठ वर्षांत समुद्र पाहिला नव्हता. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलाकडून, अमरकडून, गुपचूप क्रूझचं बुकिंग करून घेतलं आणि संध्याकाळी जेवताना विमलताईंना सांगितलं. त्यांना वाटलं, बायको खूश होईल. विमलताईंना त्याच आठवड्यात नागपूरला सुरभीकडं जायचं होतं. लेकीचा तिसऱ्या महिन्यातच गर्भ पडला होता. ती फोनवर काही बोलत नव्हती, नुसतं हूं-हूं करायची. "आपन गेलो म्हनून तिचं दुःख जाते का? आल्यावर जाऊ न," घनश्यामराव म्हणाले. वाईट मनानं म्हणाले नव्हते, पण विमलताईंच्या काळजात ते वाक्य रुतून बसलं. त्या गेल्या, पण मनात गाठ बांधूनच गेल्या.

त्यांना खोली मिळाली होती आतल्या बाजूची, बिनखिडकीची. जहाज बंदरातून निघालं आणि घंटाभरात विमलताईंना उलट्या सुरू झाल्या. पहिला सगळा दिवस पलंग आणि बाथरूम यांतच गेला. घनश्यामराव डोक्यावरून हात फिरवत बसले, लिंबू मागून आणलं, डॉक्टरला बोलावून आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उठल्या तर पोट एकदम शांत होतं. भूकही लागली होती. तेवढ्यात घनश्यामराव वरून आले, चेहरा लहान पोरासारखा झालेला. "विमल, चाल न वर. मासे उडून राह्यले, मासे! पाखरासारखे!" आणि विमलताईंनी भिंतीकडं तोंड फिरवलं. "मले बरं नाई वाटत," म्हणाल्या.

त्या दिवशी ते चार वेळा खाली आले. एकदा झाकलेल्या ताटात दहीभात घेऊन. एकदा सांगायला, की जहाजाच्या मागं फेसाचा पट्टा पडतो, तो पाहून वाटतं कोणी कपाशीच्या पट्टीतून रुई ओतत चाललं आहे, आणि धागा असा, की अव्वल नंबर द्यावा. एकदा दार वाजवून, टोपी न्यायला. एकदा नुसतेच आले आणि पलंगाच्या कडेवर बसून गेले. दरवेळी विमलताई डोळे मिटून पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी अंधारातच जहाज मुंबईला लागलं आणि सगळे रांगेनं उतरले.

आर्णीला आल्यावर घनश्यामरावांना कोणी विचारलं, की ते सांगत सुटायचे. आणि सांगताना "मी" कधी म्हणायचे नाहीत, "आमी" म्हणायचे. आमी डेकवर बसलो, आमी नाश्त्याले लवकर गेलो, आमाले मासे दिसले. विमलताई चहाचे कप पुढं करत मान हलवायच्या. बरेचदा वाटायचं, आज रात्री जेवताना सांगून टाकू, की मी दुसऱ्या दिवशी बरी होती. पण रोज काहीतरी व्हायचं, आणि राहून जायचं. पाच महिन्यांनी एका सकाळी दाढी करता करता घनश्यामराव आरशासमोर खाली बसले, आणि यवतमाळला नेईपर्यंतच संपले.

"ताई," रुपीबाई हळूच म्हणाल्या. "मले एक सांगा. समुद्र कसा दिसते वो? भेव वाटते का?"

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. लखनच्या बायकोनं कपड्यांचं विचारलं होतं, समीक्षानं फोटोचं. विमलताईंनी तोंड उघडलं. फेस, रुई, मासे, सगळे शब्द तयार होते. पण रुपीबाई एवढ्या खऱ्या भीतीनं पाहत होत्या, की ते उसने शब्द विमलताईंना बाहेर काढवेनात.

"वहिनी काय सांगतीन, मी सांगतो तुले," राठोड सर मदतीला धावल्यासारखे म्हणाले. "घनश्याम सांगे न, उडते मासे पाहून वहिनीनं लहान पोरीवानी टाळ्या वाजवल्या म्हने. साऱ्या डेकवरचे लोक पाहून राह्यले."

विमलताईंची मान झटकन वर झाली.

"टाळ्या?"

"हो. साऱ्यायले असंच सांगे तो."

"मी नाई वाजवल्या टाळ्या," विमलताई म्हणाल्या. "मी वर गेलीच नाई, सर. एकबी डाव नाई. मी समुद्र पाह्यलाच नाई. पह्यल्या दिवशी बिमार होती, ते खरं हाय. दुसऱ्या दिवशी मी धडधाकट होती. रागानं पडून राह्यली. ते इचारे अन् मी खोटं बोलो. अन् ते माह्यावर भरोसा ठेवून ताट आनून देत. हे त्यायले सांगाचं राहूनच गेलं."

राठोड सरांनी वही मिटली. पेनाचं टोपण लावलं.

"सांगू का नको, असं दोन वर्ष झाले मले," ते शेवटी म्हणाले. "त्याले मालूम होतं, वहिनी."

"काय मालूम होतं?"

"तुमी बऱ्या होत्या, हे. दुसऱ्या दिवशी दुपारी तो टोपी घ्याले खाली आलता. कार्ड लावून दार थोडं उघडलं, तं तुमी पलंगावर बसून बिस्कुट खात टीव्ही पाहून राह्यलत्या. त्यानं दार तसंच लोटून घेतलं. बाहेर थोडा थांबला, अन् मंग दार वाजवून आत आला."

विमलताईंना ते आठवलं. चांगलं आठवलं. गळ्यात कार्ड असताना हे दार कायले वाजवून राह्यले, असं त्यांच्या मनात येऊन गेलं होतं. त्यांनी बिस्किटाचा पुडा उशीखाली सारला होता आणि डोळे मिटले होते.

"अन् तुमाले सांगितलं त्यायनं?"

"चहाच्या टपरीवर सांगितलं. हासून नाई सांगितलं. म्हने, प्रेमसिंग, चूक माहीच. तिले न इचारता बुकिंग केलं. तिले लेकीजवळ जाचं होतं. मले वाटलं, समुद्र पाहून इसरून जाईन. तिले मालूम पडू देऊ नको मले समजलं म्हनून, लाजल्यावानी होईन तिले. पुढच्या डावाले आधी इचारून मंगच जाईन, म्हने."

रस्त्यानं कापसाची एक गाडी गेली आणि तिच्यामागं कुत्रं भुंकत गेलं. विमलताईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडत होत्या, पण आवाज नव्हता. पाच महिने दोघं ताटाला ताट लावून जेवले होते. घनश्यामरावांना ठाऊक होतं आणि विमलताईंनाही ठाऊक होतं, आणि दोघांनी एकमेकांसाठी म्हणून तोंड बंद ठेवलं होतं. एक शब्द कोणी आधी काढला असता, तर त्या भांडल्या असत्या, मग हसल्या असत्या, आणि ते मासे घनश्यामरावांकडून नीट विचारून घेतले असते. केवढे होते, किती उंच उडत होते, सगळं.

रुपीबाई उठून त्यांच्याजवळ येऊन बसल्या. पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं नवऱ्याकडं पाहून म्हणाल्या, "मले तरी इचारा आता. सारे इथं हायेत तं इचारा."

राठोड सर गोंधळले. "काय इचारू?"

"येते का म्हनून इचारा."

चाळीस वर्षं शाळेत मुलांना प्रश्न विचारणाऱ्या त्या माणसाची जीभ अडखळली. "रुपी... येशीन का तू?"

"वेचनी अर्धी होऊ द्या. मंग येतो," रुपीबाई म्हणाल्या. "ममताले सांगून तारीख पुढं करता येते का पाहा. नाई झाली, तं नका जाऊ."

तारीख पुढं झाली. जानेवारीत राठोड नवरा-बायको जाऊन आले. आल्यावर चार दिवसांनी रुपीबाई एकट्या ऑटोनं विमलताईंकडं आल्या आणि दोन घंटे बसल्या. विमलताईंनी या वेळी सांगितलं काही नाही, विचारलं मात्र भरपूर. पाण्याचा रंग सकाळी कसा, दुपारी कसा. वारा तोंडावर कसा लागतो. मासे दिसले का? रुपीबाई म्हणाल्या, मासे नाही दिसले, रोज पाहिलं, पण नाही दिसले. विमलताईंनी मान हलवली. सगळ्यांनाच दिसतात असं थोडंच असतं.

मधल्या काळात त्या सुरभीकडं जाऊन आल्या. लेक आता बरी होती, कामावर जात होती. आईनं दोन वर्षांनी त्या जुन्या दिवसांबद्दल विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आता काय बोलायचं आई त्याच्यावर." तेही राहूनच गेलं होतं.

फेब्रुवारीत एका दुपारी फोन आला. पलीकडून माणूस म्हणाला, "मी धावजी आडे बोलून राह्यलो, दिग्रसवरून. लखनभाऊनं नंबर देल्ला. आमी क्रूझवर चाललो, तं म्हने तुमाले साऱ्या टिप्स माईत हायेत."

"मले माईत नाईत," विमलताई म्हणाल्या. "मी गेलती, पन मी काई पाह्यलं नाई. माह्या मालकानं पाह्यलं, ते आता नाईत. तुमी रुपीबाई राठोडले इचारा. लिहून घ्या नंबर."

पलीकडच्या माणसाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "म्हंजे, तुमी जहाजावर गेलत्या न?"

"हो, गेलती," त्या म्हणाल्या, आणि एकेक आकडा सावकाश सांगायला लागल्या.