काचेवरचे ठिपके

“मागची काच पुसलीस?” पायरीवर बसलेल्या उस्तादांनी विचारलं.

“पुसली. लख्ख आहे.”

“आणि ठिपके?”

“नाहीत. काल नव्हते, आजही नाहीत.”

वहिनींनी फडकं पिळून बादलीच्या काठावर टाकलं आणि गाडीचं दार जरा जोरातच लावलं. रोज सकाळी या दोघांत एवढं बोलणं ठरलेलंच होतं. एखादे दिवशी दूधवाला चुकायचा, पण हे चुकत नसे.

उस्ताद म्हणजे वहिनींचे यजमान. भाड्याची गाडी चालवण्यात त्यांचा हात इतका साफ होता, की गाडीतळावर सगळे त्यांना उस्तादच म्हणत. त्या नात्याने या सगळ्यांच्या वहिनी झाल्या, आणि पुढे शेजारपाजारच्यांच्याही.

ठिपक्यांचं भांडण गाडी दारात आली तेव्हापासूनचं. संध्याकाळी घरी आले की उस्ताद कुरकुर करत: बाजूच्या काचांवर ठिपके आहेत, मागच्या काचेवर तर ओळीच्या ओळी आहेत, समोरची तेवढी स्वच्छ. धुण्यापुसण्यात कुणाला हार जाणं वहिनींच्या स्वभावात नव्हतं. साबण झाला, लिंबू झालं, जुन्या वर्तमानपत्राचे बोळे झाले. घासून घासून बोटांची सालं निघाली. काच अशी झाली की भांग पाडून घ्यावा, पण त्यांना ठिपका औषधालाही दिसेना. उस्ताद म्हणायचे, तुला दिसत नाहीत. वहिनी म्हणायच्या, तुम्हाला भास होतात. मग दोघंही जेवायला बसायची.

पुढे उस्तादांचे डोळे खरोखरच गेले. काचबिंदू निघाला. नजर दोन्ही कडांनी आटत आली, एकदा गाडी रस्त्याच्या कठड्याला घासली, आणि डॉक्टरांनी चाकाला हात लावायचा नाही असं बजावलं. तेव्हा घरात सगळ्यांनी माना डोलावल्या: ते ठिपके म्हणजे हे होते तर! लेक म्हणाली, जावई म्हणाला, वहिनीही म्हणाल्या. उस्तादांनी किल्ली टेबलावर ठेवली. “डोळे गेले, ते कबूल,” ते म्हणाले. “पण डोळ्यांतलं नंतर आलं. काचेतलं आधीपासून आहे.” कुणी हसलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं. कुणी ऐकलंही नाही.

गाडी विकून टाका, असं जो तो सांगत होता. वहिनींनी कंबर कसली आणि पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकल्या. या वयात कशाला, असं कुणी म्हटलं की त्या म्हणायच्या, वय गाडीचं बघतात, बाईचं नाही. आता त्या गावाबाहेरच्या शाळेत शिकवणाऱ्या तीन बाईंना रोज नेत-आणत होत्या. तिघीही मागे चेंगरून बसत. त्यांतल्या एका बाईंचा देह जरा भरभक्कम होता, त्यांनी पुढे बसू का म्हणून विचारून पाहिलं, पण वहिनींनी शेजारची सीट कुणाला म्हणून दिली नाही. ती उस्तादांची होती.

आणि उस्ताद काही बसत नव्हते. डोळे दाखवायला जायचं असलं, तरी ते बसने जायचे, बसचा दांडा चाचपत. त्यांची अट एकच होती. काचेवर ठिपके आहेत असं ती म्हणेल, त्या दिवशी बसेन.

लेक एकदा वैतागली. “आई, म्हणून टाक ना. तुझं काय जातंय?”

“माझं काहीच जात नाही. त्यांचं जातं,” वहिनी म्हणाल्या. “आज मी खोटं हो म्हटलं, की उद्यापासून त्यांच्या प्रत्येक बोलण्याला हो म्हणणार. तान्ह्या पोराला म्हणतात तसं. मला माझ्याशी भांडणारा माणूस हवाय. बसतील ते गाडीत. पण खऱ्यावर बसतील.”

असं म्हणाल्या खऱ्या, पण तिढा कसा सुटायचा ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या रोज काचा पुसत होत्या आणि शेजारची रिकामी सीट झटकत होत्या.

त्या महिन्यात डॉक्टरांनी उस्तादांना नवा, गडद चष्मा दिला. गाडी चालवायचे तेव्हापासून दिवसभर नाकावर असलेला, चकाकी कमी करणारा त्यांचा जुना चष्मा आता कायमचा उतरला आणि स्वयंपाकघरातल्या खणात जाऊन पडला. वहिनींना परतीच्या वाटेवर ऊन थेट तोंडावर यायचं. पडून राहण्यापेक्षा वापरलेला बरा, म्हणून त्यांनी तो पर्समध्ये टाकला.

संध्याकाळी सिग्नलला गाडी थांबली. आभाळ निरभ्र होतं. शेजारून स्कूटर घुसतेय का पाहायला वहिनींनी मान वळवली, आणि बाजूच्या काचेवर त्यांना ठिपके दिसले.

निळसर काळे, बोट टेकवल्याएवढे, ओळीने. त्यांनी काच खाली केली, ठिपके काचेबरोबर खाली गेले. वर केली, वर आले. चष्मा काढला, काच लख्ख. लावला, पुन्हा हजर. आरशात पाहिलं तर मागची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली होती. समोरची तेवढी स्वच्छ.

इतकी वर्षं हा माणूस डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होता, आणि चष्मा काढून एकदा बघा, किंवा मला लावून बघू द्या, एवढं काही दोघांपैकी कुणाला सुचलं नव्हतं.

“वहिनी, सिग्नल सुटला,” मागून बाई म्हणाल्या. पाठीमागे हॉर्न वाजत होते.

बाईंना सोडून त्या काच बसवणाऱ्याच्या दुकानाशी थांबल्या. घरी गेल्यावर उलटतपासणी होणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. काचवाल्याला प्रश्नाचं नवल वाटलं नाही. तो म्हणाला, ही काच तापवतात आणि गार वाऱ्याचे झोत मारून एकदम थंड करतात. झोत लागतात तिथे असे ठसे राहतात. समोरची काच निराळी, तिला हे नसतं. “डाग नाही वहिनी, काच खराबही नाही. अशा चष्म्यातूनच दिसतात. लोक काच बदलून मागायला येतात. मी म्हणतो, जन्मखूण आहे, कशी बदलू?”

ऊन उतरायच्या आत वहिनी घरी पोहोचल्या. उस्ताद पायरीवर होते.

“उठा. काचेवर ठिपके आहेत.”

उस्ताद हलले नाहीत. “लेकीने शिकवलं वाटतं.”

उलटतपासणी वहिनींना अपेक्षित होती, हे नव्हतं. वर्षानुवर्षं खोटं न बोललेल्या बाईवर आज अविश्वास? त्यांना रागही आला आणि बरंही वाटलं. त्या गाडीपाशी जाऊन चष्मा लावून उभ्या राहिल्या.

“विचारा काय विचारायचं ते.”

“समोरच्या काचेवर?”

“एकही नाही.”

“मागच्या काचेवर कडेला कसे आहेत?”

“मधले गोल आहेत. कडेकडेला लांबट झालेत, ओढल्यासारखे.”

उस्ताद पायरीवर पुढे सरकले. मग हळू आवाजात म्हणाले, “तुझ्या बाजूच्या काचेवर, खाली.”

वहिनी वाकल्या. “खालच्या ओळीत एक जागा मोकळी आहे. एक ठिपका गाळलाय.”

हे उस्तादांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ते उठले, भिंतीला हात लावत गाडीपाशी आले, आणि त्यांनी काचेवरून तळहात फिरवला. हाताला गुळगुळीतच लागलं. “इथे?” त्यांनी बोट टेकवून विचारलं.

“जरा खाली. हां, तिथे.”

बोट तिथेच राहिलं. मग उस्ताद दुसऱ्या बाजूने आले आणि पुढच्या सीटवर बसले. वहिनींनी चाकामागे बसून चष्मा त्यांच्यापुढे धरला. उस्तादांनी नवा काढून जुना लावला आणि बाजूच्या काचेकडे तोंड करून बराच वेळ पाहिलं.

“दिसतात?”

“नाही,” उस्ताद म्हणाले. त्यांनी चष्मा उतरवला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि वहिनींच्या हातात दिला. “तू लाव. ऊन तुझ्या तोंडावर येतं.”

वहिनींनी चष्मा लावला आणि गाडी सावकाश बाहेर काढली. रस्ता वळेपर्यंत उस्तादांचा तळहात काचेवर होता.