तळहातातल्या सुया

विळ्या-भोपळ्याचं सख्य कसं असतं ते बघायचं असेल, तर पुसदजवळच्या तांड्यावर लखन राठोडच्या घरी जावं. त्याची आई बसंतीबाई आणि बायको रंजिता एका चुलीवरचं खात होत्या, एवढंच काय ते नातं. त्या दिवशी रंजिता कॉलेजातून परतली, तर सासूची बोंब तिला रस्त्यावरच ऐकू आली.

"जाळला वं माह्या हात! करणी केली या बाईनं!"

ओट्यावर बसंतीबाई लालबुंद तळहात पदराला घासत बसली होती. शेजारी घासलेला तवा चकचकत होता. रंजितानं सासूकडे नाही, आधी छपराच्या पत्र्यावर पाहिलं. तिथलं सूप रिकामं होतं.

सुपात तिनं समुद्रातला स्पंज वाळत घातला होता. रत्नागिरीच्या खाडीत, जिथं लाटांचा जोर पोचत नाही, तिथल्या चिखलातून कॉलेजच्या सहलीत आणलेला. तिथल्या संशोधन केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या होत्या, याची जात पुराव्यानिशी ओळखून दाखव, तुला संशोधनाला घेते. स्पंजाची जात रंगरूपावरून ठरत नाही. त्याच्या अंगात काचेच्या बारीक सुया असतात, त्यांचा आकार बघावा लागतो. रंजिताचा अंदाज होता की हा बिएम्ना, कातडीला लागला की आग करणारा. पण अंदाजाला कोण विचारतो? त्यात एका टोकाला बोथट अशी लांब सुई आणि विळ्यासारखा इवलासा आकडा, दोन्ही दिसायला हवेत. जुना मायक्रोस्कोप घरात होता. स्पंज मात्र एकच होता, आणि त्यातल्या सुयांची काचपट्टी मॅडमना सोमवारी पाठवायची होती.

"याडी, सुपातलं कुठी हाय?" लखनसारखीच तीही सासूला याडी, म्हणजे आई, म्हणायची.

"ते दोडक्याची जाळी? तवा घासला त्यानं. भुगा झाला मेलीचा. देला नालीत फेकून."

तांड्यावर तवा वाळल्या दोडक्यानंच घासतात. भुरकट, भोकाभोकाचं काही दिसलं आणि बाई बसली घासत. नालीतून साऱ्या वस्तीचं पाणी वाहत होतं. तोच तवा उचलून हिच्या डोक्यात घालावा, असं रंजिताला मनापासून वाटलं.

मग तिची नजर त्या लाल तळहातावर गेली. सुया तिथं होत्या.

ती घरातून चिकटपट्टी घेऊन आली. "हात द्या. चोळू नका, अजून रुततील. पट्टीनं निघतात त्या."

"येवढी माया कुठून आली आज?"

लखन दारात उभा होता. जन्मभर दोन्ही डगरींवर हात ठेवून जगलेल्या त्याला खरं बोलायची हुक्की नेमकी आत्ताच आली. "दे ना, याडी. तेच पाह्यजे तिले. सुया भेटल्या का रत्नागिरीले जाता येते."

बसंतीबाईनं हळूच मूठ मिटली.

"असं हाय काय? जळू दे मंग. हाताची राख झाली तरी चालंल."

"दुसऱ्याचं वाटोळं करण्यातच जिंदगी गेली तुमची!" रंजिता ओरडली.

खाडकन थोबाडीत बसली. लखन जागचा हलला नाही.

गाल आधी नुसता चुणचुणला. मग आग सुरू झाली, आणि गालाकडे निघालेला रंजिताचा हात मधेच थांबला. तिनं पट्टी फाडली, गालावर दाबली, ओढून काढली आणि आत धावली.

मायक्रोस्कोपखाली लांब सुया होत्या, एका टोकाला बोथट. विळा मात्र एकही नव्हता. तिनं पट्टी सरकवून सरकवून पाहिली.

ती बाहेर आली आणि दुसरा गाल पुढे केला. "अजून एक हाणा."

बसंतीबाईनं सुनेच्या हातातली पट्टी पाहिली आणि हात पदराखाली घेतला. ती काही दूधखुळी नव्हती.

रंजिता जवळ गेली. कुठं बोट ठेवलं की म्हातारी कळवळते, हे एवढ्या वर्षांत तिला पक्कं ठाऊक झालं होतं.

"लखनलेही घेऊन जातो मी संग. मंग बसा एकट्याच तवा घासत."

दुसरी थोबाडीत पहिल्यापेक्षा जोरात बसली.

या वेळी पट्टीवर विळे होते. इवलेसे, वाकडे, पुस्तकात होते तसेच. रंजिताचे दोन्ही गाल पेटले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती भिंगावरून डोळा काढत नव्हती.

"दिसलं काय रे तिले?" बाहेर बसंतीबाई विचारत होती. तिचा आवाज इतका बारीक रंजितानं कधी ऐकला नव्हता.

"दिसलं, याडी," रंजिता आतूनच म्हणाली. "जातो मी."